हयातीचा दाखला आणि हयातीनी खराई

कागद एकच, पण त्याची नावे किती! आपण मराठीत त्याला 'हयातीचा दाखला' म्हणतो. गुजरातीत तोच 'हयातीनी खराई' होतो. केंद्र सरकारने २०१४ साली त्याची संगणकावरची आवृत्ती काढली, तिचे नाव 'जीवन प्रमाण'. आणि आपल्या गोव्यात मराठी बोलणारा काय नि कोंकणी बोलणारा काय, बँकेच्या काउंटरवर सगळेच 'लाइफ सर्टिफिकेट' म्हणतात. पेन्शन घेणारा माणूस अजून आहे, एवढेच त्या कागदाने सांगायचे असते. तो वेळेत पोचला नाही, तर माणूस जिवंत असूनही त्याची पेन्शन थांबते.

पेन्शनची माहिती आज मिळत नाही असे कुणी म्हणणार नाही. उलट ती चहूकडे आहे. माझे म्हणणे एवढेच, की ती ज्याला हवी त्याच्या भाषेत आणि त्याच्या दारात नाही. हे मला आपल्या पणजीपेक्षा बडोद्यात जास्त जाणवले, म्हणून हा लेखनप्रपंच.

माझी आत्या लग्न होऊन बडोद्याला गेली त्याला आता चाळीसहून अधिक वर्षे झाली. घर दांडिया बाजारात, म्हणजे बडोद्यातल्या जुन्या मराठी वस्तीत. गायकवाडांच्या चाकरीसाठी पिढ्यान् पिढ्या मराठी कुटुंबे या शहरात येत राहिली. १९४९ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, १९६० साली गुजरात वेगळा झाला, पण ही माणसे तिथेच राहिली. अजूनही तिथे मराठी वाङ्मय परिषद आहे, आणि २०१८ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनही बडोद्यात भरले होते. घरात मराठी, बाजारात गुजराती, असा त्यांचा संसार सुखाने चाललेला असतो. अडते ते कचेरीत.

आतोबा गुजरात सरकारच्या नोकरीतून निवृत्त झाले होते. गेल्या वर्षी ते गेले, तेव्हा मी पंधरा दिवस तिथे होतो. तेरावे झाले आणि कुटुंब पेन्शनचा विषय निघाला. आत्या गुजराती फाडफाड बोलते, भाजीवालीशी भांडते देखील. पण शिक्षण सगळे गोव्यात, मराठीतून. सरकारी गुजराती वाचायची वेळ तिच्यावर कधी आलीच नव्हती; ते खाते आतोबांचे. त्यात तिचे नाव पेन्शनच्या कागदावर एका तऱ्हेने आणि आधारकार्डावर दुसऱ्या तऱ्हेने लिहिलेले. एका कचेरीत तिला सांगितले, 'हे बँकेचे काम.' बँकेत सांगितले, 'हे कचेरीचे काम.' पहिली रक्कम हाती पडायला पाच महिने लागले. त्या पाच महिन्यांत तिने मुदत ठेव मोडली, आणि आम्हा कुणाला सांगितलेसुद्धा नाही. "कुणाकडे हात कशाला पसरायचा रे, आपलेच तर पैसे येणार होते," असे ती नंतर फोनवर म्हणाली. या एका वाक्यात सगळा पेन्शनचा कायदा आहे असे मला वाटते. त्याकडे पुढे येतो.

शेवटी तिचे काम मार्गी लावले ते गल्लीतल्या एका रेल्वेतून निवृत्त झालेल्या गृहस्थांनी. सगळे त्यांना काका म्हणतात. रोज संध्याकाळी ते ओट्यावर बसतात आणि लोक आपापली कागदपत्रे घेऊन येतात. मी दोनतीन संध्याकाळी त्यांच्या शेजारी बसलो. मी स्वतः सरकारी कारकून, टेबलाच्या आतल्या बाजूला बसणारा. पण त्या ओट्यावर मला जे शिकायला मिळाले ते कुठल्या प्रशिक्षणात मिळाले नव्हते.

काकांचा पहिला प्रश्न ठरलेला: "पेन्शन देतो कोण?" कारण एकाच गल्लीत चार तऱ्हेच्या पेन्शनी. गुजरात सरकारचा पेन्शनर असेल तर त्याची हयातीनी खराई मे ते जुलैमध्ये. रेल्वेचा किंवा केंद्राचा असेल तर नोव्हेंबरात, आणि ऐंशी ओलांडलेल्यांना ऑक्टोबरपासूनच मुभा. कारखान्यातून निवृत्त झालेला असेल, आणि बडोद्याच्या आसपास खत, औषधे, पेट्रोलियम यांचे कारखाने पुष्कळ, तर त्याची १९९५ ची भविष्य निर्वाह निधीची पेन्शन. तिचा दाखला वर्षात केव्हाही द्यावा, त्या दिवसापासून बारा महिने तो चालतो. आणि चौथा नव्या योजनेतला. त्याच्या निवृत्तीनंतर जमलेल्या रकमेतून विमा कंपनीकडून वर्षासन घेतले जाते, म्हणजे त्याने विचारायचे ते त्या कंपनीला. शेजारी नोव्हेंबरात दाखला देतो म्हणून गुजरात सरकारच्या पेन्शनरने नोव्हेंबरची वाट पाहिली, तर त्याचे काय होईल ते सांगायला नको.

दार कुठले ते कळले की मदत आहे, हेही मान्य केले पाहिजे. केंद्राच्या पेन्शनरांना तक्रारीसाठी १८००-११-१९६० हा बिनखर्चाचा फोन आहे, पेन्शन अदालती भरतात. केंद्राच्या पेन्शनरचे पत्नीसोबत संयुक्त खाते असेल आणि तिचे नाव पेन्शनच्या आदेशात असेल, तर त्याच्या पश्चात तिला लांबलचक फॉर्म भरावा लागत नाही. साधे पत्र, मृत्यूचा दाखला, आदेशाची प्रत आणि वयाचा पुरावा पुरतो. भविष्य निधीवाले 'निधी आपके निकट' नावाचे शिबिर दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्याजिल्ह्यात घेतात. १ जानेवारी २०२५ पासून ती पेन्शन देशातल्या कुठल्याही बँकेच्या कुठल्याही शाखेतून मिळते. आणि २०२० पासून पोस्टमन घरी येऊन थोड्या शुल्कात जीवन प्रमाण काढून देतो. हे सगळे चांगलेच आहे. पण ओट्यावर आलेल्या दहांपैकी एकालाही पोस्टमनची गोष्ट ठाऊक नव्हती!

मी आर्ट्सचा विद्यार्थी, त्यामुळे बडोदे म्हटले की मला सयाजीराव महाराज आठवतात. १९३१ साली त्यांच्या आज्ञेने बडोदे सरकारने एक कोश काढला, 'श्री सयाजी शासन शब्द कल्पतरु'. राज्यकारभारातला इंग्रजी शब्द घ्यायचा आणि त्यासमोर गुजराती, मराठी, संस्कृत, हिंदी, बंगाली, उर्दू, फारसी अशा भाषांतले पर्याय मांडायचे. एका राजाला त्या काळात हे कळले होते, की सरकारचा शब्द प्रजेला समजला नाही तर सरकारचे काम पुरे झाले नाही. याच महाराजांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून संस्थानभर मोफत वाचनालये उभी केली, आणि खेड्यांना लाकडी पेट्यांतून पुस्तके धाडली. लोक ग्रंथालयात येत नाहीत ना, मग ग्रंथालयाने लोकांकडे जावे! त्याच शहरात आज एका बाईला आपल्या हक्काच्या पैशाचा कागद समजून घ्यायला शेजारच्या ओट्यावर जावे लागते. काकांसारखा माणूस ज्या गल्लीत नसेल तिथल्या बाईने काय करायचे?

हक्काच्या, हा शब्द मी जाणून वापरला. मराठी इतिहासातली सगळ्यात गाजलेली पेन्शन दुसऱ्या बाजीरावाची. १८१८ साली राज्य गेले आणि इंग्रजांनी त्याला वर्षाला आठ लाख रुपये बांधून दिले. १८५१ साली तो वारला. दत्तकपुत्र नानासाहेबांनी ती पुढे चालू ठेवायला सांगितले, तर लॉर्ड डलहौसीने नकार दिला. नानासाहेबांनी अझीमुल्ला खानाला दाद मागायला थेट लंडनला पाठवले. तिथेही काही झाले नाही. कंपनीच्या लेखी पेन्शन म्हणजे मेहरबानी, वाटेल तेव्हा दिली, वाटेल तेव्हा बंद केली.

स्वतंत्र भारतात हा समज मोडून काढला तो सर्वोच्च न्यायालयाने. १७ डिसेंबर १९८२ चा डी. एस. नकारा खटल्याचा निकाल. ३१ मार्च १९७९ ही तारीख धरून तिच्याआधी निवृत्त झालेल्यांना कमी आणि नंतरच्यांना जास्त, असा भेद सरकारने केला होता. पाच न्यायमूर्तींनी तो रद्द केला. खंडपीठाचे प्रमुख सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड, आणि निकाल लिहिला पूर्वी गुजरात उच्च न्यायालयात असलेल्या न्या. डी. ए. देसाई यांनी. पेन्शन ही मालकाच्या मर्जीवरची देणगी नव्हे, केलेल्या सेवेतून कमावलेला हक्क आहे, हा त्याचा गाभा. म्हणून पेन्शनर मंडळी १७ डिसेंबर हा दिवस पाळतात. आत्याचे 'आपलेच तर पैसे' म्हणजे हेच. आणि पैसे हक्काचे असतील, तर ते कसे मिळवायचे ही माहितीही हक्काचीच असली पाहिजे.

यावर माझे कचेरीतले मित्र म्हणतात, 'सगळे मोबाइलवर आहे, नातू करून देईल.' ज्यांचे नातू पुण्यात नाहीतर दुबईत आहेत, त्यांचे काय? शिवाय मोबाइलवर विसंबून राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसालाच 'तुमचा दाखला संपला, ओटीपी सांगा' असा फोन येतो आणि खाते रिकामे होते. आपल्या कागदाची भाषा ज्याला कळत नाही, तो फोनवर गोड बोलणाऱ्या कुणावरही विश्वास टाकतो.

आता आपल्या गोव्याचे. इथल्या सरकारी पेन्शनरांचे सारे रस्ते पणजीच्या फाझेंदात, म्हणजे लेखा संचालनालयात जातात. १९८७ च्या कायद्याने कोंकणी राजभाषा झाली आणि मराठीच्या वापरालाही जागा राहिली. गेली इतकी वर्षे आपण या दोन भाषांवरून एकमेकांशी तावातावाने भांडतो आहोत. पण निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळाबरोबर हाती येणारे कागद बघा, ते बहुतेक इंग्रजीतच! भांडायला मराठी-कोंकणी आणि अर्जाला इंग्रजी, असा आपला न्याय.

माझी सूचना साधी आहे. निवृत्तीच्या आदेशासोबत एक पान द्या, पेन्शनर मागेल त्या भाषेत नि लिपीत. पेन्शन कोण देतो, आदेशाचा क्रमांक काय, दाखला कुठल्या महिन्यात कुठे द्यायचा, आपल्या पश्चात घरच्यांनी प्रथम कुणाला भेटायचे, आणि अडले तर तक्रार कुठे, या पाच ओळी. हे पान त्याच्या पत्नीच्या किंवा पतीच्या हाती द्या आणि समोर वाचून दाखवा. दहा मिनिटांचे काम आहे. ते कारकुनाने करायचे आहे, म्हणजे माझ्यासारख्याने, हे मला ठाऊक आहे.

माझी स्वतःची नेमणूक ५ ऑगस्ट २००५ नंतरची, म्हणजे गोव्यात जुनी पेन्शन बंद झाल्यानंतरची. वर्षासन, खाते क्रमांक, वारसनोंद हे सगळे शब्द माझ्याही घरात मलाच कळतात, दुसऱ्या कुणाला नाही. बडोद्याहून आल्यावर मी ते पान मराठीत लिहिले, बायकोला समोर बसवून वाचून दाखवले, आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवले. सरकार पान देईल तेव्हा देईल. वाचकहो, तुम्ही ते या रविवारीच लिहा.