वाकळ आणि शिलाई मशीन

गेल्या स्नेहसंमेलनातील हस्तकला प्रदर्शनात एक वाकळ मांडली होती. जुन्या सुती साड्यांची, मधोमध खणाचे चौकोन आणि चहूबाजूंनी लाल गोट. पाहणाऱ्यांचे हात आपोआप तिच्यावरून फिरत होते. पण बक्षिसाची वेळ आली तेव्हा ती बाजूला ठेवली गेली. कारण एवढेच की, तिची शिवण मशीनची होती. "ही हस्तकला नव्हे," असा निर्णय झाला. त्या दिवशी तो मलाही पटला होता. आज पटत नाही. का पटत नाही, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

पुण्याकडे जिला गोधडी म्हणतात, ती आपल्या सातारा-सांगलीकडची वाकळ. वाकळ म्हणजे नुसती ठिगळांची चादर नव्हे. खाली अस्तर, वर तुकडे जोडून केलेले तोंड आणि मध्ये जुन्या लुगड्या-धोतरांचे थर, असा तिचा संसार असतो. हे थर एकमेकांना धरून राहिले नाहीत, तर दोन महिन्यांत आतले कापड एका कोपऱ्यात गोळा होते आणि पांघरणाऱ्याच्या वाट्याला वरचे दोन पदर तेवढे उरतात. म्हणून धावदोरा ही वाकळीची नक्षी नव्हे, तो तिचा कणा आहे. नक्षी दिसते ती त्या कण्याच्या निमित्ताने.

माझी आत्या वाळवा तालुक्यात, कृष्णाकाठी राहते. तिला मी लहानपणापासून वाकळ शिवताना पाहिले आहे. सारवलेल्या जमिनीवर थर अंथरायचे, कोपऱ्यांवर पाटे-वरवंटे ठेवायचे, काठापासून सुरुवात करून फेऱ्यावर फेरा घालीत मध्याकडे यायचे. डाव्या हाताचा तळवा सतत कापडावरून फिरत असे. कुठे झोळ आला, कुठे चुणी पडली, हे डोळ्यांच्या आधी त्या तळव्याला कळे.

पुढे आत्याची नजर अधू झाली, बोटे आखडू लागली, आणि घरात पायाने चालणारे शिलाई मशीन आले. मीही हौसेने त्यावर बसले. "हाताला महिना लागतो, मी दोन दिवसांत करते," अशी बढाई मारून मी आजीच्या जुन्या लुगड्याची वाकळ शिवायला घेतली. कच्चे टाके घालण्याचा कंटाळा केला. टाका बारीक ठेवला, दोरा घट्ट ठेवला आणि काठापासून शिवत सुटले. मध्यावर येईतो वरच्या कापडाचा भलामोठा फुगा झाला. तो मी चुण्या घालून तसाच दाबून शिवला. पहिल्याच पावसाळ्यानंतर शिवणीच्या रेघेरेघेने लुगडे फाटले. आत्या रागावली नाही. फक्त म्हणाली, "मशीनचं काय चुकलं गं? त्याला सांगितलंस तसं त्यानं केलं."

हे का घडले, ते पुढे हळूहळू समजले. मशीनचे दाते खालचे कापड मागे सरकवतात, पण वरच्या कापडाला पाय दाबून धरतो. त्यामुळे खालचा थर चालतो आणि वरचा रेंगाळतो. एका झंपराला हे जाणवत नाही, पाच-सहा थरांना जाणवते. म्हणून आधी सगळे थर कच्च्या टाक्यांनी मुठीमुठीच्या अंतरावर बांधून घ्यावे लागतात. पायाचा दाब थोडा सैल करावा लागतो. सुई सोळा किंवा अठरा नंबरची लागते आणि टाका इंचाला आठाच्या आसपास, म्हणजे लांबट ठेवावा लागतो. वरूनही कापड ओढणारा 'वॉकिंग फूट' मिळतो, तो लावला तर काम अधिक सोपे होते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शिवण मध्यापासून काठाकडे न्यायची. आधी तुकड्यांच्या जोडांवरून लांब, सरळ शिवणी घालून वाकळ स्थिर करायची, मग मधल्या जागा भरायच्या. जास्तीचे कापड असेल ते काठाकडे निघून जाते आणि शेवटी गोट लावताना छाटता येते. मशीनच्या हाताखालची जागा टीचभर, म्हणून वाकळीची गुंडाळी करून ती तिथून सरकवावी लागते. तो भार सांभाळताना दोन्ही हात भरून येतात.

म्हणजे पाहा, हाताची वाकळ काठाकडून आत येते आणि मशीनची आतून काठाकडे जाते. दोन्ही वाटा उलट, पण दोन्हीकडे काळजी एकच: कापड कुठे अडकू नये. मग एक कला आणि दुसरी कला नव्हे, हे कोणत्या न्यायाने?

यावर एक आक्षेप येईल, आणि तो खोटा नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला, तेव्हा आत्याच्या घरात कमरेइतके पाणी होते. पाणी ओसरल्यावर गावोगाव उकिरड्यांवर भिजलेल्या वाकळींचे ढीग पडले. इतक्या थरांत शिरलेला गाळ धुऊन निघत नाही आणि आतून वाळतही नाही. आत्याने मात्र एक हाताची वाकळ वाचवली. धावदोऱ्याचे टोक धरून ती ओढत गेली, थर सुटे झाले, एकेक धुतला, वाळवला. माझी मशीनची वाकळ उसवता उसवता मात्र कापडच फाटले. वरचा दोरा आणि खालचा बॉबीनचा दोरा एकमेकांत गुंततात, आणि मी तर ते घट्ट आवळले होते. हाताची शिवण पुन्हा उलगडता येते, हा तिचा मोठा गुण आहे. तो मी कबूल करते.

पण गोष्ट इथे संपत नाही. ते सुटे झालेले थर पुन्हा हाताने शिवण्याची ताकद आत्याच्या बोटांत उरली नव्हती. ते तिने मशीनवरच शिवले. लांब टाक्याने, सैल दोऱ्याने, चार-चार बोटांच्या अंतरावर. हाताने वाकळ उलगडली आणि मशीनने ती पुन्हा उभी केली. मशीन नसते तर तीही उकिरड्यावर गेली असती.

यंत्राविषयीची ही भीती आपल्या भागाला नवी नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केले, तेव्हा लोखंडाने जमीन नासेल म्हणून शेतकरी ते घेईनात. १९१० साली वसलेली किर्लोस्करवाडी आज सांगली जिल्ह्यात आहे, आणि लोखंडी नांगराने जमीन नासली नाही हे सर्वांनी पाहिले. यंत्रांवर कठोर टीका करणाऱ्या गांधीजींनीही १९२४ साली एका संभाषणात सिंगरच्या शिलाई मशीनला अपवाद केला होता. आपल्या पत्नीचे कष्ट हलके व्हावेत म्हणून सिंगरने ते घडवले, अशी त्यांची समजूत होती. इतिहास तेवढा गोड नाही. पण त्यांनी लावलेली कसोटी मोलाची आहे. यंत्र माणसाचे हात निकामी करते, की थकलेल्या हातांना आधार देते?

वाकळ प्रदर्शनासाठी जन्मली नाही. गाडगेमहाराजांना लोक गोधडेबुवा म्हणत, ते अंगावरच्या चिंध्यांच्या वस्त्रावरून. ज्यांना नवे कापड परवडत नव्हते, त्या बायांनी जुन्यातून ऊब काढली, हा वाकळीचा खरा इतिहास. आता आपण तिला काचेआड ठेवून हातशिवणीची स्तुती करतो, आणि महिनाभर कंबर मोडून ती शिवणारीच्या हातावर काय टेकवतो, हे कोणी विचारत नाही. हाताच्या कामाचा एवढा आदर असेल, तर तो आधी मजुरीत दिसावा. तो दिसत नसेल, तर मशीनवर बसून चार पैसे जास्त मिळवणाऱ्या बाईला कमी लेखण्याचा आपल्याला अधिकार नाही.

उलट मशीन आले म्हणून हाताचे ज्ञानही टाकू नये. आता घराघरांत सुतीपेक्षा पॉलिस्टरच्या साड्या जास्त. त्या मशीनखाली निसटतात, घाम शोषत नाहीत. कुठले कापड आत घालावे, कुठले घालू नये, हे मशीन सांगणार नाही. ते आत्याच सांगेल. तिला विचारायचे असेल, तर आताच विचारले पाहिजे.

म्हणून पुढच्या प्रदर्शनाच्या परीक्षकांना माझी नम्र विनंती आहे. वाकळ हाताने शिवली की मशीनने, हे शेवटी विचारा. आधी ती उलटी करून पाहा. अस्तराला चुणी आहे का? थर हलतात का? कोपऱ्यांत गोट नीट बसला आहे का? आणि जमले तर ती एक रात्र पांघरून पाहा. त्या बाजूला ठेवलेल्या वाकळीला मी उलटे करून पाहिले होते. अस्तराला एकही चुणी नव्हती.