यादी नको, पान सांगा

‘चांगली मराठी पुस्तकं सुचवा ना’ असं कुणी ऑनलाइन विचारलं की पुढच्या दहा मिनिटांत काय येणार, हे मी फोनकडे न बघता सांगू शकतो. मृत्युंजय. छावा. ययाति. पानिपत. श्यामची आई. मग कुणीतरी परीक्षा घेतल्यासारखं विचारणार, ‘कोसला वाचलंय का?’ मग इकिगाई, ॲटॉमिक हॅबिट्स आणि रिच डॅड पुअर डॅडचे मराठी अनुवाद. आणि सगळ्यात शेवटी, न चुकता : ‘पीडीएफ आहे का?’

या पुस्तकांशी माझं भांडण नाही. यातली काही मी दोनदा वाचली आहेत. माझं भांडण या उत्तरांशी आहे. विचारणारा कोण, त्यानं आधी काय वाचलंय, त्याला आत्ता काय हवंय, हे कुणीही विचारलेलं नसतं. सोळा वर्षांची मुलगी विचारो, ऊसतोडीच्या टोळीतला पोरगा विचारो, की रिटायर झालेले मास्तर विचारोत, यादी तीच. मेडिकलमध्ये जाऊन ‘चांगली गोळी द्या’ म्हणावं आणि दुकानदारानं आलेल्या प्रत्येकाला तीच एक गोळी पुड्यात बांधून द्यावी, तसलं हे काम आहे.

यावर एक तयार उत्तर असतं. ‘मग अनोळखी लोकांना विचारताच कशाला? जाणत्या माणसाला विचारा. शिक्षकांना विचारा, घरातल्या मोठ्यांना विचारा. मोबाइलवर पुस्तकांच्या गप्पा मारणारे वाचतात कुठे?’ हे उत्तर मला यादीपेक्षाही जास्त खटकतं. कारण ते देणाऱ्याच्या घरात बहुतेक वेळा पुस्तकांचं कपाट असतं, आणि चालत जाता येईल अशा अंतरावर एखादं जुनं ग्रंथालय. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ सालचं आहे. तिथल्या माणसाला ‘जाणत्याला विचारा’ म्हणणं सोपं आहे.

मी इंदापूर तालुक्यातला. कामधंद्यासाठी बारामतीला रोज ये-जा. इथं शिक्षण कमी आहे असं कुणी म्हणू नये. बारामतीत तुळजाराम चतुरचंद कॉलेज १९६२ पासून आहे, विद्या प्रतिष्ठान १९७२ पासून. एसटी स्टँडवर सकाळी उतरलं की पाठीवर सॅक लावलेली पोरं-पोरीच दिसतात. दोन्ही गावांत अभ्यासिका आहेत. महिन्याचे पैसे भरायचे, एक खुर्ची, एक प्लग, वर पंखा. तिथं पोरं दहा-बारा तास वाचत बसतात. म्हणजे वाचन भरपूर चाललंय. पण ते सगळं राज्यसेवा, पोलीसभरती, तलाठीभरती. त्याच्या बाहेरच्या वाचनाला आपल्याकडे एक खास शब्द आहे : अवांतर. अवांतर म्हणजे मुद्द्याला सोडून. कादंबरी हातात दिसली की शेजारचा विचारतो, ‘हे सिलॅबसला आहे का?’ अशा ठिकाणी जाणत्या माणसाला काय विचारायचं? तो जाणता आहे तो कटऑफचा.

आणि ओळखीच्या माणसाची दुसरी अडचण याहून मोठी आहे. तो पुस्तक सुचवण्याआधी तुम्हाला बघतो. त्याला तुमचं आडनाव माहीत असतं, वस्ती माहीत असते, बापाची जमीन माहीत असते, दहावीचे मार्क माहीत असतात. मग एका आडनावाला ऐतिहासिक कादंबरी, दुसऱ्या आडनावाला ‘तुमच्या समाजातल्या’ माणसाचं आत्मचरित्र, आणि मुलगी असेल तर संस्कारांचं काहीतरी. बलुतं १९७८ साली आलं, उपरा १९८० साली. ही पुस्तकं ज्यांनी आधी वाचायला हवीत, त्यांच्या हातात ती देताना गावातला माणूस अजून बिचकतो. अनोळखी माणूस बिचकत नाही, कारण त्याला तुम्ही कोण आहात हेच माहीत नसतं. तुम्ही जेवढं सांगाल तेवढेच तुम्ही. गावात राहणाऱ्याला ही मोकळीक केवढी मोठी असते, हे शहरातल्याला सहसा कळत नाही.

एक उदाहरण देतो. भीमेवरचं उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं. त्याचं पाणी आमच्या तालुक्यात लांबवर पसरलं. पळसदेवचं जुनं देऊळ उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर येतं, लोक फोटो काढायला जातात. भिगवणला रोहित पक्षी बघायला गाड्या येतात. ज्यांची घरं त्या पाण्याखाली गेली, त्यांच्यापैकी आमचं एक घर. मी एकदा ऑनलाइन विचारलं होतं : उजनीच्या काठावरचा आहे, राजे-महाराजे नकोत, काय वाचू? पाच-पन्नास उत्तरं आली, बहुतेक नेहमीची. एक उत्तर राज्याच्या दुसऱ्या टोकाकडून आलं. त्या माणसानं आधी मलाच विचारलं, की घरातल्या कुणी धरणाबद्दल बोलतं का? मी नाही म्हटल्यावर त्यानं विश्वास पाटलांचं ‘झाडाझडती’ सांगितलं. धरणग्रस्तांवरची कादंबरी, १९९२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली. पण पुरस्काराचं तो बोललाच नाही. त्याचंही गाव पाण्यात गेलेलं. पुस्तकात कुठल्या जागी आपण ते मिटून अंगणात जाऊन बसलो, हे त्यानं सांगितलं. कुठं ते आपल्याला लांबलेलं वाटलं, हेही सांगितलं. आणि वडलांना वाचून दाखवणार असशील तर एका बैठकीत फार वाचू नकोस, एवढं शेवटी लिहिलं.

आमच्या घरात धरणावर पहिल्यांदा नीट बोलणं झालं ते त्या पुस्तकामुळे. ते पुस्तक मला गावातल्या कुणी सुचवलं नव्हतं. सुचवणाऱ्याचा चेहरा मी अजून पाहिलेला नाही.

म्हणून ‘अनोळखी लोकांना विचारू नका’ हे मला मान्य नाही. पण त्या एका उत्तरात आणि उरलेल्या पन्नासांत फरक काय होता, तो नीट बघायला हवा. त्यानं आधी विचारलं. आपण कुठून वाचतोय ते सांगितलं. पुस्तकातलं नेमकं ठिकाण सांगितलं. आणि त्यातलं खटकलेलंही सांगितलं. थोडक्यात, तो जामीन राहिला. आमच्या भागात पतसंस्था गल्लोगल्ली आहेत, त्यामुळे जामीन राहणं म्हणजे काय हे कुणाला शिकवावं लागत नाही. सही करण्याआधी माणूस दहा वेळा विचार करतो, कारण उद्या हप्ता थकला तर नोटीस आपल्या दारात येणार असते. पुस्तक सुचवताना मात्र आपण पाच पुस्तकांना एका दमात जामीन राहतो, कारण नोटीस येणार नाही हे आपल्याला ठाऊक असतं. ती येते विचारणाऱ्याच्या दारात. तो सातशे पानांची कादंबरी घेऊन बसतो, पन्नासाव्या पानावर अडकतो आणि ठरवतो, की वाचन हे आपलं काम नाही. यादी टाकणाऱ्याला याचा पत्ताही नसतो. एक वाचक गेला, आणि तो कुणामुळे गेला याची नोंद कुठेच नाही.

अनोळखी माणसानं अनोळखी माणसाला पुस्तक पोचवणं हे इंटरनेटनं आणलेलं नाही. मोरोपंत (१७२९–१७९४) याच बारामतीत राहून लिहीत होते. छापखाना नव्हता. पोथी हवी असेल तर ती हातानं उतरवून घ्यावी लागे. उतरवणारा शेवटी अनेकदा स्वतःचं नाव, गाव, तिथी आणि कुणासाठी लिहिली ते नोंदवून ठेवी, चुकांबद्दल वाचणाऱ्याची क्षमा मागे. पुढं ती पोथी ज्याच्या हातात पडे, त्यानं हा माणूस पाहिलेलाही नसे. मोरोपंतांच्या आर्या कीर्तनकारांनी गावोगाव नेल्या, त्याही असल्याच अनोळखी कानांपर्यंत. पण शेकडो पानं बोरूनं उतरवायची म्हटल्यावर माणूस नको ती पोथी उतरवत नाही. त्या कष्टांतच शिफारस होती. आज कष्ट अंगठ्याचा, तोही अर्ध्या सेकंदाचा. ते कष्ट परत आणा असं मी म्हणत नाही. त्या जागी दोन वाक्यं खरी लिहा, एवढंच म्हणतो.

तेवढंही होत नाही, कारण मध्ये आकडा आला. गुडरीड्स २००७ साली सुरू झालं, आणि वर्षाला किती पुस्तकं वाचणार याचं टार्गेट ठेवायची सवय तिथून सगळीकडे पसरली. आता आपल्याकडेही डिसेंबर आला की ‘यंदा ५२ पूर्ण’ असे फोटो येतात. शेजारी चहाचा कप, वाळलेलं फूल. पुस्तकाबद्दल एक ओळ नाही. आकडा ठेवला की माणूस पातळ पुस्तकं निवडतो, हे सांगायला संशोधन लागत नाही. कुणी वर्षभर एकच बनगरवाडी चार वेळा वाचली, तर त्याचा आकडा एक. मला विचाराल तर पुस्तक सुचवायचा पहिला हक्क त्याचा.

आता ‘पीडीएफ आहे का?’ या प्रश्नाकडे येतो. यावर लोक दोनच गोष्टी करतात : एकतर गुपचूप पाठवतात, नाहीतर चोर म्हणून अंगावर जातात. पाठवणं चूकच आहे. हयात लेखकाच्या पुस्तकाची फुकट फाइल फिरवणं म्हणजे त्याचं पुढचं पुस्तक मारणं. पण अंगावर जाणाऱ्यांनी हेही बघावं, की तालुक्याच्या गावात पुस्तकाच्या दुकानात मिळतात ते गाइड, वह्या आणि प्रश्नसंच. जाड कादंबरीची किंमत बऱ्याचदा शेतातल्या एका दिवसाच्या रोजापेक्षा जास्त. वर पोस्टेज. आणि कितीतरी चांगली पुस्तकं छापायचीच बंद झालेली.

नीरा डावा कालवा बारामतीतून पुढं इंदापूरकडे येतो. कालव्याच्या टेलला असणं म्हणजे काय, हे आमच्याकडच्या शेतकऱ्याला विचारा. आवर्तन सुटल्याची बातमी सगळ्यांना एकाच दिवशी कळते, पाणी मात्र एकाच दिवशी पोचत नाही. पुस्तकांचं तसंच झालंय. शिफारस मुंबईत आणि इंदापुरात एकाच सेकंदाला पोचते. पुस्तक पोचत नाही. ऑनलाइन गप्पांमुळे सगळे वाचक सारखे झाले असं म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

पण टेलला पाणी येतं तेव्हा तेही आपोआप येत नाही. शेतकरी पाटबंधारे खात्याच्या कार्यालयात जाऊन बसतात, अर्ज देतात, आवाज चढवतात. आपण वाचक कुठे जाऊन बसतो? महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ सालचा आहे. त्याखाली अ, ब, क, ड वर्गाची ग्रंथालयं चालतात, सरकारी अनुदानावर, म्हणजे आपल्याच पैशावर. तिथं पुस्तकखरेदी होते. शासनमान्य ग्रंथांची यादी असते, विक्रेत्यांच्या याद्या असतात. इथंही यादीच. वाचकाची मागणी नसेल तर ग्रंथपालानं तरी दुसरं काय करावं? रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, हे त्यातले दोन. ऑनलाइन शिफारस जास्तीत जास्त यातलं अर्धं काम करते : कुठलं पुस्तक कुणाचं, हे सांगते. उरलेलं अर्धं तालुक्याच्या ग्रंथालयात जाऊन, पुस्तकाचं, लेखकाचं आणि प्रकाशकाचं नाव कागदावर लिहून, खाली सही करूनच होतं. एकट्यानं दिलेली चिठ्ठी हरवते. दहा जणांनी दिली की ती मागणी होते.

एक आक्षेप मात्र खरा आहे, तो टाळत नाही. अनोळखी लोकांत सगळेच सरळ नसतात. कुणी स्वतःचंच पुस्तक दुसऱ्या नावानं सुचवतं. मुलीनं पुस्तक विचारलं की ‘तुम्हालाही वाचनाची आवड दिसते’ म्हणत इनबॉक्समध्ये घुसणारे असतात, आणि त्यामुळे कितीतरी मुली विचारणंच सोडून देतात. यावर उपाय मुलींनी गप्प बसणं हा नाही. पुस्तकाचं उत्तर चारचौघांत द्यायचं, हा नियम आपण पाळायचा. ज्याचं उत्तर सगळ्यांसमोर देता येत नाही, त्याचा पुस्तकाशी संबंध नसतो.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी पुस्तक विचारलं, तर आधी एक प्रश्न विचारा. मग एकच पुस्तक सांगा. तुम्ही कोण, कुठून वाचलंत ते सांगा. अभ्यासिकेत चोरून वाचलं असेल तर तसं सांगा. ज्या पानावर थांबलात ते पान सांगा, जिथं कंटाळलात तेही सांगा. कुठल्या ग्रंथालयात मिळालं ते माहीत असेल तर लिहा. एवढं लिहायला पाच मिनिटं लागतात. पाच नावांची यादी टाकायला दहा सेकंद लागतात, आणि ती वाचणाऱ्याला तितकीच उपयोगी पडते.

आणि सांगण्यासारखं एकही पान आठवत नसेल, तर ते पुस्तक सुचवू नका. आधी परत वाचा.