सगळ्यांनाच कशाला सांगायचं?

मराठी विभागात नेटवर्किंगवर लेख म्हटल्यावर अर्धे लोक पान उलटणार, हे मला माहीत आहे. त्यात माझी शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे जड मराठी प्रतिशब्द माझ्याकडून होणार नाहीत. 'मल्टिकास्ट'ला मी मल्टिकास्टच म्हणणार! पण आपल्यातले बरेच जण उद्या ज्या प्लांटमध्ये किंवा सबस्टेशनमध्ये नोकरीला लागतील, तिथे हा विषय रोज समोर येणार आहे. आणि आपण त्यातलं शिकतो काय? तर व्हायवासाठी एक फुल फॉर्म. आयजीएमपी म्हणजे इंटरनेट ग्रुप मॅनेजमेंट प्रोटोकॉल. झालं, दोन मार्क खिशात.

माझं म्हणणं आधीच सांगते. कारखान्यातलं नेटवर्क अडखळायला लागलं, की 'बँडविड्थ वाढवा' हे उत्तर पुष्कळदा चुकीचं असतं. पाईप किती मोठा, हा प्रश्न नंतरचा. हे नक्की कोणाला ऐकायचंय, हा प्रश्न आधीचा.

हॉस्टेलचंच उदाहरण घ्या. एखादीला निरोप द्यायचा, तर तिच्या रूमचं दार वाजवायचं. हे झालं युनिकास्ट. मेस बंद असली, की कॉरिडॉरमध्ये उभं राहून ओरडायचं. हे ब्रॉडकास्ट. आणि गणपतीच्या कमिटीत ज्यांनी नावं दिली त्यांनाच मीटिंगचा निरोप द्यायचा, हे मल्टिकास्ट. कल्पना उत्तमच आहे. १९८९ साली स्टीव्ह डीअरिंग यांच्या आरएफसी १११२ मध्ये ती इंटरनेटसाठी नीट मांडली गेली. अडचण एकच. साध्या स्विचला कमिटीची यादीच माहीत नसते. मग तो काय करतो? मल्टिकास्टचं पॅकेट आलं, की सगळ्या पोर्टवर पाठवून देतो. म्हणजे कमिटीचा निरोपसुद्धा कॉरिडॉरमध्ये ओरडून!

ऑफिसच्या नेटवर्कमध्ये हे एक वेळ चालून जातं. प्लांटमध्ये नाही. 'ईथरनेट/आयपी' या प्रोटोकॉलमध्ये इनपुटचा डेटा मल्टिकास्टने पाठवायची पद्धत सुरुवातीपासून आहे. समजा ४० उपकरणं आहेत आणि प्रत्येक जण दर १० मिलिसेकंदांनी एक पॅकेट पाठवतो. म्हणजे सेकंदाला ४००० पॅकेट्स. प्रत्येक पॅकेट १०० बाइट्सचं धरलं, तर हिशेब होतो फक्त ३.२ एमबीपीएस. १०० एमबीपीएसच्या लिंकवर हे सव्वातीन टक्केसुद्धा नाही. मॅनेजमेंटला ग्राफ दाखवला तर ते म्हणणार, "नेटवर्क तर रिकामंच आहे की!" पण एखाद्या छोट्या ड्राइव्हच्या किंवा आय/ओ ब्लॉकच्या प्रोसेसरला विचारा. नको असलेलं पॅकेटसुद्धा त्याला पुष्कळदा उघडून, बघून मगच टाकून द्यावं लागतं. पाईप भरलेला नाही, पण दार उघडणारा दमला!

आता त्यात कॅमेरे घाला. ४ एमबीपीएसचे २० कॅमेरे मल्टिकास्टवर असले, की ८० एमबीपीएस झाले. यादी नसलेला स्विच ते ८० एमबीपीएस प्रत्येक पोर्टवर ओतणार. मोटर फिरवायचं काम असलेल्या बिचाऱ्या ड्राइव्हच्या १०० एमबीपीएस पोर्टवरही. मी इनप्लांट ट्रेनिंगला जिथे होते तिथे पॅनेलमधल्या स्विचला सगळे एक्स्टेन्शन बोर्डसारखं वापरायचे. पोर्ट मोकळा दिसला, की लाव वायर. लाईन मधूनच थांबायची आणि पीएलसीवर 'कनेक्शन टाइमआउट' यायचं. दर १० मिलिसेकंदांचा डेटा आणि टाइमआउट चारपट, म्हणजे ४० मिलिसेकंद काही आलं नाही की कनेक्शन तुटलं. केबल बदलून झाली, ड्राइव्ह बदलून झाला. स्विचकडे बोट दाखवायला कोणी तयार नाही, कारण त्याचे दिवे तर छान लुकलुकत होते!

"लाईन थांबली तर थांबली, एवढं काय?" असं कोणाला वाटत असेल, तर अमेरिकेतल्या अलाबामामधल्या ब्राउन्स फेरी अणुवीज केंद्राचं उदाहरण ऐका. १९ ऑगस्ट २००६ रोजी तिथल्या युनिट ३ चे दोन्ही रीसर्क्युलेशन पंप बंद पडले आणि ऑपरेटर्सना रिअॅक्टर हाताने बंद करावा लागला. पंपांच्या व्हीएफडीचे कंट्रोलर प्लांटच्या ईथरनेटवरच्या जादा ट्रॅफिकमुळे निरुत्तर झाले होते. एक पीएलसीसुद्धा बिघडला होता. तिथल्या नियामक संस्थेने, एनआरसीने, २००७ साली यावर सगळ्या केंद्रांना सूचना काढली. तो ट्रॅफिक मल्टिकास्टच होता असा माझा दावा नाही. पण धडा तोच. ज्याला जे ऐकायची गरज नाही, ते त्याच्या दारापर्यंत पोचताच कामा नये.

मग उपाय? पहिला म्हणजे 'आयजीएमपी स्नूपिंग'. स्विच उपकरणांचं बोलणं चोरून ऐकतो, कोणाला कुठला ग्रुप हवा याची यादी करतो आणि तेवढ्याच पोर्टवर पॅकेट पाठवतो. पण इथे एक मेख आहे. यादी ताजी ठेवायला कोणीतरी अधूनमधून "अजून कोण कोण आहे?" असं विचारावं लागतं. त्याला म्हणतात 'क्वेरिअर'. हे काम एरवी राउटर करतो, आणि मशीनच्या छोट्या नेटवर्कमध्ये राउटरच नसतो! नेहमीच्या सेटिंगला हा प्रश्न दर १२५ सेकंदांनी विचारला जातो आणि २६० सेकंदांत उत्तर आलं नाही तर नाव कटतं. म्हणजे स्नूपिंग चालू केलं पण क्वेरिअर ठेवला नाही, तर चार-साडेचार मिनिटं सगळं झकास, आणि मग सेटिंगप्रमाणे एकतर पुन्हा पूर किंवा डेटाच बंद. नुसतं 'एनेबल'वर टिक करून चहाला जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

दुसरं, स्नूपिंग सगळीकडे चालत नाही. सबस्टेशनमधले आयईसी ६१८५० चे 'गूस' मेसेज आणि 'सॅम्पल्ड व्हॅल्यूज' हे थेट ईथरनेटवर जातात, त्यांत आयपीच नाही. मग आयजीएमपी काय करणार? ५० हर्ट्झला सायकलमागे ८० नमुने घेणारा एक स्ट्रीम म्हणजे सेकंदाला ४००० फ्रेम्स, साधारण ५ एमबीपीएस. असे वीस जमले, की १०० एमबीपीएसची लिंक फुल! तिथे व्हीलॅन पाडायचे किंवा मॅक अॅड्रेसचे फिल्टर हाताने लावायचे. डोकं लावून, आधी कागदावर मांडून.

"एवढी कटकट कशाला? सरळ गिगाबिट स्विच टाका," असं माझ्या रूमीचं म्हणणं आहे. पण ड्राइव्हचा पोर्ट १०० चाच राहतो ना! रस्ता आठपदरी केला तरी गल्ली तेवढीच. काही जण म्हणतात, पोर्टवर रेट लिमिट लावा. लावा जरूर, पण शेवटचा बंधारा म्हणून. रेट लिमिटला चांगलं-वाईट कळत नाही, तो कामाचं पॅकेटसुद्धा फेकून देतो. आणि ऐकणारा एकच असेल, तर मल्टिकास्ट हवंच कशाला? हल्लीच्या कंट्रोलरमध्ये युनिकास्टची सोय असते, ती वापरावी.

आता सरांना आणि मॅडमना नम्र विनंती. आपल्या लॅबमधले स्विच अनमॅनेज्ड आहेत. त्यांत शिकण्यासारखं फारसं काही नाही, प्लग लावायचा की झालं. एकच मॅनेज्ड स्विच आणा. एका पीसीवरून व्हीएलसीने २३९ ने सुरू होणाऱ्या अॅड्रेसवर व्हिडिओ सोडा, दुसऱ्यावर तो बघा आणि तिसऱ्यावर वायरशार्क लावा. स्नूपिंग बंद असताना तिसऱ्याकडे पॅकेट्सचा पाऊस पडेल, चालू केलं की थांबेल. मग क्वेरिअर काढा आणि घड्याळ लावून बसा. दोन तासांचं प्रॅक्टिकल आहे, व्हीएलसी आणि वायरशार्क दोन्ही फुकट. फुल फॉर्म विसरला जाईल, हे नाही विसरणार.

नाहीतर उद्या आपणही पॅनेलसमोर उभे राहून केबलच बदलत बसू, आणि लुकलुकणारे दिवे बघून म्हणू, "स्विच तर ठीक दिसतोय!" पटतंय का बघा. पटलं, तर लॅबच्या रजिस्टरमध्ये मागणी लिहिताना माझ्या नावाखाली तुमचंही नाव घाला.