चर्चच्या शिक्षकांना व्हिडिओ नको, शनिवार विका

ऑनलाइन कोर्सच्या धंद्यावरचा मागचा व्हिडिओ आल्यावर आपल्या धाराशिव जिल्ह्यातूनच एक प्रश्न आला. विचारणारा आठवडाभर मोबाईल रिपेअरिंग करतो आणि रविवारी चर्चमध्ये मुलांना शिकवतो. त्याला संडे स्कूलचे शिक्षक, तरुणांचे लीडर आणि मंडळीतले वडील यांच्यासाठी मराठीत ऑनलाइन ट्रेनिंग कोर्स काढायचाय. "सर, ४० व्हिडिओ, सर्टिफिकेट, फी ९९९. चालेल का?" तुमचा विषय शिवणकाम किंवा शेळीपालन असला तरी वाचा, कारण गणित तेच आहे.

माझं मत सरळ सांगतो. गरज खरी आहे, ग्राहकही आहे. पण ४० व्हिडिओ आणि सर्टिफिकेट हा माल त्या ग्राहकाच्या कामाचा नाही.

आधी ग्राहक बघा. खेड्यातल्या चर्चमध्ये शिकवणारा बहुतेक वेळा पगारी माणूस नसतो. तो शेती करतो, मजुरी करतो, कुठंतरी नोकरी करतो. एकाच पाळकाकडे दोन-चार गावं असली की उरलेल्या रविवारी यालाच उभं राहावं लागतं. सोयाबीनच्या काढणीत त्याला डोकं वर काढायला वेळ नसतो. ऊसतोडीला जाणारी कुटुंबं दिवाळीच्या आसपास गाव सोडतात ती उन्हाळ्यातच परततात. रीतसर शिकायचं म्हटलं तर पुण्यात युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे. ती १९५३ मध्ये यवतमाळला सुरू झाली आणि १९८३ मध्ये पुण्याला गेली. पण घर-रान सोडून काही वर्षं तिथं राहणं याला कसं जमणार?

ही अडचण जुनी आहे, आणि तिच्यावरचा उपाय इंटरनेटच्या फार आधी निघालाय. ग्वाटेमाला हा मध्य अमेरिकेतला छोटा देश. तिथल्या प्रेस्बिटेरियन सेमिनरीच्या लक्षात आलं, की खेड्यातून शहरात शिकायला आलेली मुलं परत खेड्यात फारशी जातच नाहीत. आणि गावात जे खरोखर मंडळी चालवतात, ते संसारी, कामधंदेवाले लोक सेमिनरीत येऊ शकत नाहीत. म्हणून १९६३ मध्ये त्यांनी उलटं केलं. पुस्तक विद्यार्थ्याच्या घरी पाठवलं आणि शिक्षक आठवड्यातून एकदा जवळच्या गावी जाऊन बसायला लागला. ही पद्धत जगभर पसरली. भारतात त्यासाठी १९७१ मध्ये टाफ्टी ही संस्था उभी राहिली, तिचं मुख्यालय बंगळुरूला. घरी अभ्यास, ठरलेल्या दिवशी गटात चर्चा आणि आपल्याच मंडळीत प्रत्यक्ष काम, असा तिचा साचा.

टेड वॉर्ड नावाच्या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञानं यासाठी कुंपणाची उपमा वापरली. दोन आडव्या पट्ट्या: एक अभ्यास, दुसरी प्रत्यक्ष काम. त्यांना धरून ठेवणारे उभे खांब म्हणजे ठरावीक अंतरानं होणारी बैठक. रानाला कुंपण घातलंय त्याला हे समजावून सांगायला नको. खांब काढले की पट्ट्या जमिनीवर.

आता आपले ऑनलाइन कोर्सवाले नेमकं काय करतात? एक पट्टी विकतात. खांब नाहीत, दुसरी पट्टी नाही. हार्वर्ड आणि एमआयटीच्या मोफत ऑनलाइन कोर्सचे आकडे २०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आले होते. २०१७-१८ मध्ये नाव नोंदवणाऱ्या शंभरातल्या साधारण तिघांनीच कोर्स पुरा केला. पैसे भरून सर्टिफिकेटसाठी नोंदणी करणाऱ्यांत मात्र हा आकडा निम्म्याच्या आसपास होता. म्हणजे फी जरूर घ्या, फुकट वाटू नका. पण एवढ्या मोठ्या नावांची ही गत असेल, तर आपल्या ४० व्हिडिओंचं काय होणार ते तुम्हीच ठरवा.

मी त्या भावाला जे सांगितलं ते असं. तुझा माल म्हणजे शनिवार संध्याकाळ. शिक्षकाला उद्या सकाळी पाच ते चौदा वयाची मुलं एकाच खोलीत सांभाळायची असतात. त्याला शनिवारी काय हवं? उद्याची गोष्ट लहानांना कशी सांगायची, मोठ्यांना त्यातला कोणता प्रश्न विचारायचा, वीस मिनिटं काय करायचं. बुधवारी व्हॉट्सॲपवर दहा मिनिटांचा ऑडिओ टाक. रेंज नसली तरी तो कधीतरी उतरतो आणि रानात काम करताना ऐकता येतो. शनिवारी रात्री आठला बारा जणांची ऑनलाइन बैठक ठेव, पाऊण तासाची. सोमवारी प्रत्येकानं एका मिनिटात सांगायचं: काय जमलं, कुठं मुलं कंटाळली. तीन महिन्यांत एकदा एखाद्या चर्चच्या हॉलमध्ये समोरासमोर भेटा. बॅच जूनमध्ये सुरू कर आणि काढणीच्या आधी संपव.

बारा जण, महिना २०० रुपये, म्हणजे २,४०० होतात. हे कमी वाटेल, पण तीन बॅच झाल्या की ७,२०० आणि खर्च म्हणजे रिचार्ज नि प्रवास. शिवाय फी शिक्षकाच्या खिशातून मागू नको, मंडळीकडे माग. तिचेच शिक्षक तयार होतायत. त्यासाठी आधी पाळकांना भेटावं लागेल, आणि ते टाळून हा धंदा होतच नाही. कॅथलिक, सीएनआय, मेथडिस्ट, पेंटेकॉस्टल यांच्या शिकवणीत फरक आहेत. धर्मशास्त्राचा भाग रीतसर शिकलेल्या माणसाकडेच दे. तू शिकवण्याची पद्धत आणि व्यवस्था सांभाळ. दुसऱ्याच्या छापील अभ्यासक्रमाची पानं फोटो काढून वाटायची नाहीत, परवानगी घ्यायची.

एक धडा मात्र सगळ्या पंथांना सारखाच लागतो आणि तो मी पहिल्या आठवड्यात ठेवेन: मुलांची सुरक्षितता. बंद खोलीत एकटा मोठा माणूस आणि एकटं मूल असं कधी बसवायचं नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार लैंगिक अत्याचाराची माहिती असलेल्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. "चर्चची बदनामी होईल" म्हणून दाबता येत नाही. नुसत्या या धड्यासाठी मंडळीनं पैसे दिले तरी ते वसूल आहेत.

राहिलं सर्टिफिकेट. इथं मी जरा कडक बोलणार आहे. "डिप्लोमा", "बॅचलर", थेट "डॉक्टरेट" अशी नावं लावून पाळकांना कागद विकणारे लोक फिरतायत. दोन एकराच्या शेतकऱ्यानं साठवलेले पैसे देऊन नावाआधी डॉक्टर लावून घ्यायचं आणि तो कागद कुठंच चालायचा नाही, याला मी धंदा म्हणत नाही. यूजीसीच्या १९५६ च्या कायद्यानुसार पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठाला किंवा कायद्यानं तसा अधिकार मिळालेल्या संस्थेलाच आहे. धर्मशास्त्रात तसा अधिकार बंगालमधल्या सेरामपूरकडे आहे. १८२७ ची डेन्मार्कच्या राजाची सनद आणि नंतर १९१८ चा कायदा. (तेच सेरामपूर, जिथून विल्यम केरीचं मराठी व्याकरण १८०५ मध्ये निघालं.) ज्याला पदवी हवी त्याला तिकडचा रस्ता दाखव. तू फक्त हजेरीचा कागद दे, त्यावर लिही: इतक्या शनिवारी हजर, इतके रविवार शिकवले, खाली त्याच्या पाळकांची सही.

भावानं विचारलं, "मग व्हिडिओ करूच नको का?" कर, पण एकच, पाच मिनिटांचा. त्यात शनिवारच्या बैठकीत काय होतं ते दाखव आणि पहिली बैठक फुकट ठेव. बारा नावं झाल्याशिवाय कॅमेऱ्यावर रुपया खर्च करू नको.