विंचवाचं बिऱ्हाड आणि बुलढाण्याचे रस्ते

सध्या आमच्या ऑफिसात कॅराव्हॅनची साथ आली आहे. दर शुक्रवारी जेवणाच्या टेबलावर कुणीतरी नोकरी सोडून, घर गाडीमागे जोडून निघणारच असतो. (सोमवारी परत स्टँडअपला हजर असतो, ते सोडा.) सगळ्यांनी तेच व्हिडिओ पाहिलेले असतात: ऑस्ट्रेलियातली लाल माती, पुढे दणकट गाडी, मागे चाकांवरचं पांढरं घर, आणि क्षितिजापर्यंत माणूस नाही. मग ठरलेला प्रश्न येतो, "आपल्याकडे का नाही होत असं?"

मागच्या आठवड्यात हा प्रश्न थेट बुलढाणा जिल्ह्यावर आला. लोणारचं विवर आहे, सिंदखेडराजाला जिजाऊंचं जन्मस्थान आहे, शेगाव आहे, वर ज्ञानगंगा अभयारण्य. सगळं एका जिल्ह्यात. कॅराव्हॅनला याहून चांगला रूट कुठला?

माझं मत विचाराल तर होऊ शकतं. पण आधी कॅराव्हॅन घेऊ नका, आधी थांबायला जागा मागा. आणि ती फक्त आपल्यापुरती मागू नका. कसं ते सांगतो.

पहिलं म्हणजे ऑस्ट्रेलियात लोक घर ओढत का नेतात? तिथल्या एअर हायवेवर सलग १४६ किलोमीटरचा एक पट्टा आहे, ज्यात एकही वळण नाही. एका पेट्रोल पंपापासून दुसऱ्यापर्यंत गाव लागत नाही. पाणी, जेवण, अंथरूण सोबत न्यावंच लागतं, कारण द्यायला तिथे कुणी नसतं. बुलढाण्यात तुम्ही दहा-बारा किलोमीटर गेलात की गाव येतं, फाट्यावर टपरी येते, आणि टपरीवाला "कुठले तुम्ही?" विचारल्याशिवाय चहा देत नाही. म्हणजे अंतर हा आपला प्रॉब्लेमच नाही.

आता थोडं गणित. आपल्याकडचा साधा एकपदरी ग्रामीण रस्ता डांबराला ३.७५ मीटर रुंद. कॅराव्हॅन मोठी असेल तर २.३ ते २.५ मीटर. समोरून एसटी आली, तीही साधारण २.५ मीटर. बेरीज करा. कुणीतरी डांबर सोडून खाली उतरायला हवं, आणि एसटी उतरत नाही हे आपल्याला लहानपणापासून माहीत आहे :)

खाली काय आहे? काळी माती. कापसाला उत्तम, चाकाला वैरी. पाण्यानं फुगते, उन्हात आकसून भेगाळते. म्हणून रस्त्याच्या कडा खचतात, आणि जुलैत दीड टनाचं घर तिच्यात उतरलं की बाहेर काढायला ट्रॅक्टरच लागतो. त्यात जिल्ह्याचे दोन मजले. लोक बोलतानाच "घाटावर" आणि "घाटाखाली" असं बोलतात. बुलढाणा, चिखली, मेहकर वर. मलकापूर, नांदुरा, शेगाव खाली. मधे अजिंठ्याची डोंगररांग. मलकापूरकडून बुलढाण्याला जायचं तर राजूर घाट चढावा लागतो आणि तिथल्या वळणांवर मागे लांब ट्रेलर असणं म्हणजे काय, हे पहिल्याच वळणाला कळेल.

ओढण्याचं शास्त्रही यूट्यूबवाल्यांनी शोधलेलं नाही. ट्रेलरचं वजन चाकांच्या मागे गेलं की हुकावरचा भार हलका होतो, वेगात शेपूट डावी-उजवीकडे झुलायला लागते आणि कधीकधी ओढणारी गाडीही सोबत फिरते. म्हणून ट्रेलरच्या एकूण वजनाचा साधारण दहावा भाग हुकावर पडेल असं सामान लावायचं. पाण्याची टाकी १०० लिटरची म्हणजे १०० किलो, ती शक्यतो चाकांच्या वरच. हे आपल्या आज्याला माहीत होतं. मागे भार जास्त झालेल्या बैलगाडीला तो "उलाळ" म्हणायचा आणि पोती पुढे सरकवायचा. आजही खामगावच्या बाजार समितीत भरलेली ट्रॉली रिव्हर्स घेऊन नेमकी जागेवर लावणारी पोरं बघा. आपण मॉलच्या पार्किंगला सेन्सरवर गाडी लावतो.

हे सगळं सुटण्यासारखं आहे. छोटा कॅम्पर ट्रेलर घ्या, त्याची वेगळी नोंदणी करा, नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच निघा, घाटाखालचा उन्हाळा टाळा. झालं. खरा प्रश्न संध्याकाळी सहा वाजता सुरू होतो. थांबायचं कुठे, पाणी कुठे भरायचं, आणि संडासाची टाकी कुठे रिकामी करायची?

त्या शेवटच्या प्रश्नावर व्हिडिओत कुणी बोलत नाही. कॅराव्हॅनच्या संडासाखाली सुटकेसएवढी टाकी असते. दोघांना दोन-तीन दिवस पुरते, मग ओतावी लागते. ऑस्ट्रेलियात त्यासाठी गावोगाव सार्वजनिक जागा केलेल्या आहेत, शेजारी पाण्याचा नळ, रात्री थांबायला मोकळी जागा. म्हणजे तिथलं ते "स्वतंत्र" घरसुद्धा खरं तर क्लायंट आहे. सर्व्हर गावानं चालवलेला आहे. आपण क्लायंट विकत घेणार आणि सर्व्हरच नाही. मग टाकी कुठे जाणार? कुणाच्या तरी बांधावर, बाभळीआड.

पाण्याचं तर आणखी कठीण. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद हा पूर्णेच्या काठचा खारपाण पट्टा. जमिनीखालचं पाणी खारट. तिथल्या बायाबापड्यांनी वर्षानुवर्षं गोड पाण्यासाठी पायपीट केली आहे, आणि किडनीचे आजार हा त्या भागातला जुना, दुखरा विषय आहे. तिथे जाऊन "आमची टाकी भरून देता का हो?" विचारायला मला तरी जड जाईल.

माझा खरा आक्षेप इथे आहे. वीज जाते, आपण इन्व्हर्टर घेतो. पाणी वाईट, आरओ बसवतो. नळाला पाणी नाही, बोअर मारतो. प्रत्येक वेळी सार्वजनिक बगवर खाजगी पॅच. वाटेत स्वच्छ संडास नाही म्हणून संडासच सोबत न्यायचा, हा त्याच मालिकेतला पुढचा आणि सगळ्यात महाग पॅच. ज्याच्याकडे पैसे आहेत त्याचा बग सुटला की तो तक्रार करणं बंद करतो, आणि मूळ बग तसाच राहतो.

तो बग कुणाला लागतो? त्याच रस्त्यांवर आधीपासून बिऱ्हाड घेऊन चालणाऱ्यांना. काठेवाडी गुराखी आणि मेंढपाळ धनगर बायकापोरांसह फिरतात, विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर तसं. गजानन महाराजांची पालखी आषाढीला पंढरपूरला जाते आणि परतताना सिंदखेडराजा, लोणार, मेहकर, खामगाव करत शेगावला येते. खामगाव ते शेगावच्या शेवटच्या टप्प्यात तर माणसांची नदी वाहते. ट्रकवाले आहेत, रात्री कापूस घेऊन निघालेले ट्रॅक्टरवाले आहेत. ट्रकमागच्या ड्रायव्हरला दोन तास झोपायला आणि मेंढपाळाच्या बायकोला आडोशाला जे लागतं, नेमकं तेच कॅराव्हॅनवाल्यालाही लागतं. रिक्वायरमेंट एकच आहे हो!

रस्ते होतात, थांबे राहून जातात. समृद्धी महामार्ग याच जिल्ह्यातून जातो. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी सुरू झाला, आणि त्यानंतर कितीतरी दिवस वाटेत स्वच्छतागृहं, खाण्यापिण्याच्या सोयी नाहीत ही ओरड चालू होती. महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात कॅराव्हॅन पार्कचीही कल्पना आहे. चांगलं आहे. पण ते पार्क फक्त पर्यटकांचं कुंपणातलं रिसॉर्ट झालं, तर आणखी एक पॅच.

मला हवाय तो थांबा साधा आहे. तीस-चाळीस किलोमीटरवर अर्धा एकर जागा, मुरूम घालून घट्ट केलेली, म्हणजे चाक रुतणार नाही. गोड्या पाण्याचा नळ. बायकांसाठी दाराला आतून कडी असलेले संडास. टाकी ओतायला झाकणाचा हौद. दिवा आणि रात्री एक राखणदार. चालवू दे गावातल्या बचत गटाला. कॅराव्हॅनवाल्याकडून रात्रीचे चांगले पैसे घ्या, पायी चालणाऱ्याकडून एक रुपयाही नको.

"आपल्याकडे मेंटेनन्स होत नाही, महिन्याभरात कुलूप लागेल," हे उत्तर मला पाठ आहे. त्यावर माझं उत्तर त्याच जिल्ह्यात आहे. शेगावला जाऊन या. भक्तनिवास, प्रसादालय, संडास बघा. शिवशंकरभाऊ पाटील ४ ऑगस्ट २०२१ ला गेले, पण त्यांनी सेवेकऱ्यांना लावलेली शिस्त अजून दिसते. प्रचंड गर्दी, माफक दर, आणि स्वच्छता अशी की पुण्यातल्या आयटी पार्कनं शिकावी. तिथलीच माणसं, तोच खारपाण पट्टा. श्रद्धेचं बळ आहे मान्य, पण झाडू श्रद्धेनं आपोआप फिरत नाही. कुणाची पाळी कधी, हे कुणीतरी रोज ठरवतं.

तेव्हा मित्रांनो, पंधरा-वीस लाखांचं घर गाडीमागे जोडण्याआधी एकदा रिकाम्या हातांनी जाऊन या. एसटीनं जा, गावात मुक्काम करा, संडास कुठे आहे ते विचारा, आणि उत्तर देताना यजमानाचा चेहरा बघा. मग आपल्या आमदाराला, ग्रामपंचायतीला, पर्यटन खात्याला काय मागायचं ते आपोआप कळेल. ते मिळालं की कॅराव्हॅन जरूर घ्या. मीही मागे बसून येईन. सामान मात्र उलाळ लावू नका.