टीव्हीला चकवणारा पेनड्राइव्ह
ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी डहाणू तालुक्यातल्या कोसबाडला गुरांमागच्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली. शाळा मुलापर्यंत न्यायची, हा डहाणूचा जुना बाणा. आज डहाणू-तलासरीच्या आतल्या पाड्यांवर रेंजचा भरवसा नाही, तेव्हा वर्गातल्या टीव्हीला धडे पेनड्राइव्हनेच पुरवावे लागतात. पेनड्राइव्हच्या जागी लिनक्सवरचा छोटा संगणक लावता येतो. जुना लॅपटॉप सहसा चालत नाही, कारण त्याचं यूएसबी पोर्ट कायम यजमान; पाहुणा, म्हणजे पेनड्राइव्हसारखं उपकरण, व्हायला तयार नसतं. रास्पबेरी पाय झिरो डब्ल्यू हा २०१७चा, ६५ बाय ३० मिलिमीटरचा बोर्ड मात्र दोन्ही भूमिका करतो. कॉन्फिग फाइलीत डीडब्ल्यूसी२ हा यूएसबी ड्रायव्हर चालू करायचा, मोठी रिकामी फाइल बनवून ती फॅट३२मध्ये फॉरमॅट करायची आणि कर्नलच्या जी_मास_स्टोरेज मॉड्यूलच्या हवाली करायची. केबल ‘यूएसबी’ लिहिलेल्या खाचेत. शेजारची खाच फक्त विजेची. टीव्हीला वाटतं, पेनड्राइव्ह लागला! गुरुजी मोबाइलवरून वायफायने धडे चढवतात, इंटरनेट लागतच नाही. खरी गोम पुढेच आहे. टीव्ही फाइलींची यादी डोक्यात धरून बसतो. लिनक्सने मागच्या दाराने घुसवलेली फाइल त्याला दिसेलच असं नाही, आणि दोघांनी एकदम लिहिलं तर सगळा विचका. म्हणून टीव्हीला फक्त वाचायची मुभा द्या, बदलाआधी मॉड्यूल उतरवा, मग पुन्हा चढवा. एवढी शिस्त जमणार नसेल तर साधा पेनड्राइव्हच बरा. आणि वीज अचानक गेली की मेमरी कार्ड बिघडू शकतं, त्याची एक प्रत शाळेच्या कपाटात ठेवाच.