आधी पाणी तपासा, मग सुनेला बोला

बाळ फाटक्या ओठाचं जन्मलं की घरातला पहिला प्रश्न ठरलेला, "ग्रहणात विळी हातात घेतली होतीस का गं?" बाळंतीण आधीच हबकलेली, त्यात हा ठपका. ती नऊ महिने कुठलं पाणी प्यायली, हे मात्र कोणी विचारत नाही.

केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालानुसार महाराष्ट्रातल्या भूजलाच्या सुमारे ३५ टक्के नमुन्यांत नायट्रेट मर्यादेपेक्षा, म्हणजे लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा, जास्त होतं. वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव, यवतमाळ हे जिल्हे त्यात पुढे. शेतातला युरिया, उकिरडे, संडासाचे शोषखड्डे यांतून ते झिरपत विहिरीत, बोअरमध्ये उतरतं. त्याला ना रंग, ना वास.

अमेरिकेतल्या आयोवा आणि टेक्सास राज्यांतल्या मातांचा एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. पाठीचा कणा उघडा राहिलेल्या किंवा ओठ-टाळू फाटलेल्या बाळांच्या आयांमध्ये, पिण्याच्या पाण्यातून जास्त नायट्रेट पोटात गेल्याचं प्रमाण इतर आयांच्या जवळजवळ दुप्पट होतं. यावरून नायट्रेटमुळेच व्यंग येतं असं सिद्ध होत नाही. पण सावध व्हायला एवढं पुरेसं आहे. कारण बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीतून घडतात, ती गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत मिटते. पाळी चुकली, डॉक्टरांकडे जाऊ, असं म्हणेपर्यंत हे काम उरकलेलंही असतं.

"आम्ही पाणी उकळूनच पितो," असं बऱ्याच जणी सांगतात. उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. पाणी आटलं की प्रमाण उलट वाढतंच. तुरटी, क्लोरीनचाही इथे उपयोग नाही. आरओने ते कमी होतं, पण ते प्रत्येकीला कुठे परवडतं?

म्हणून आधी तपासणी. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना किटने पाणी तपासायला शिकवण्याची तरतूद आहे. आपल्या गावात त्या कोण, हे ग्रामपंचायतीत विचारा. घरची बोअर असेल तर भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना द्या आणि "नायट्रेट किती?" असं नाव घेऊन विचारा. जास्त निघालं तर निदान पिण्यापुरतं पाणी दुसऱ्या, तपासलेल्या ठिकाणाहून आणा. फोलिक ॲसिडच्या गोळ्याही डॉक्टरांना विचारून दिवस राहण्याआधीच सुरू करायच्या असतात.

लग्न ठरवताना आपण पत्रिका बघतो. सून घरात आली की पाण्याचा रिपोर्टही बघू या. विळीला दोष देणं सोपं, पण त्याने पुढचं बाळ वाचत नाही.